'हॉर्नबी' नावाचा माणूस

पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता. अकौंटन्सीची चाचणी 'पुट ऑफ' झाली आहे, एवढे मला त्यातून कळले. दहावीपर्यंतचे माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. तरी 'ऑफ' म्हणजे बंद, हे मला पक्के ठाऊक होते. घरातला दिवा ऑफ होतो, पंखा ऑफ होतो, तशी चाचणीही ऑफ झाली असणार! मी खुशाल गावी जत्रेला निघून गेलो. आठ दिवसांनी परत येतो तो चाचणी होऊन गेलेली. सरांनी वर्गात उभे करून कारण विचारले आणि मी ते प्रामाणिकपणे सांगितले. वर्ग बराच वेळ हसत होता.

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. रद्द करणे याला इंग्रजीत 'कॉल ऑफ' म्हणतात. आज हे मला येते. पण त्या दिवशी हसण्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट मनाला लागली. 'पुट' हा शब्द मला येत होता. 'ऑफ' हा शब्दही येत होता. दोन्ही शब्द प्राथमिक शाळेतच भेटलेले. त्याऐवजी त्या नोटिशीत 'पोस्टपोन' असा लांबलचक शब्द असता तर मी तो बरोबर ओळखला असता, कारण तो धड्याखालच्या शब्दार्थांत पाठ केलेला होता. मोठे शब्द येतात आणि छोट्या शब्दांपाशी पाय घसरतो, ही मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा बहुतेकांची अवस्था आहे. आणि छोटा शब्द चुकला की लोक आपल्याला अडाणीच समजतात.

त्याच दिवशी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी मी काय शोधतो आहे ते ऐकून घेतले आणि कपाटातून एक जाडजूड, कडा झिजलेला शब्दकोश काढून पुढ्यात ठेवला. म्हणाले, "हॉर्नबीत बघ." कपाटाला जसे आपण गोदरेज म्हणतो तसे 'हॉर्नबी' हे त्या पुस्तकाचेच नाव असावे, असे मला पुढे कितीतरी दिवस वाटत होते. तो एक माणूस होता, त्याने आयुष्यातली उमेदीची वर्षे इंग्लंडपासून हजारो मैल दूर घालवली आणि त्याचे पहिले विद्यार्थी आमच्यासारखेच कॉमर्सचे होते, हे कळले तेव्हा त्याच्याविषयी आणखी वाचावेसे वाटले. या लेखात जे आहे ते त्या वाचनातून आलेले आहे.

अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडच्या वायव्य भागातील चेस्टर या गावी झाला. रोमन काळापासूनचा तट असलेले हे जुने गाव आहे. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले. त्यांच्या बालपणाविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही, आणि खरे तर त्यांची गोष्ट सुरू होते ती १९२४ साली, जेव्हा पंचविशीतला हा तरुण बोटीने जपानला गेला तेव्हा.

जपानच्या दक्षिणेकडे क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटावर ओइता हे शहर. तेथील उच्च वाणिज्य विद्यालयात हॉर्नबींना इंग्रजीचे अध्यापक म्हणून नोकरी मिळाली होती. त्यांना शिकवायचे होते साहित्य. समोर बसलेली मुले मात्र व्यापाराचे शिक्षण घ्यायला आलेली. पुढे बँकांत, पेढ्यांत, परदेशांशी व्यवहार करणाऱ्या कचेऱ्यांत जाण्याची स्वप्ने पाहणारी. जपानमध्ये १८६८ नंतर पाश्चात्त्य विद्येची लाट आली होती आणि इंग्रजी शाळाशाळांत पोचली होती. पण शिकवण्याची रीत अशी, की इंग्रजी वाक्य घ्यायचे, एकेका शब्दाखाली जपानी अर्थ मांडायचा आणि मग ते शब्द जपानी क्रमाने लावायचे. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतले, त्याचीच ही जपानी भावंड म्हणायची. या रीतीने वाचता येते, परीक्षाही पास होता येते. पण त्या मुलाला एक साधे पत्र इंग्रजीत लिहायला सांगा, की तो अडतो.

हॉर्नबींच्या ध्यानात आले, की या मुलांना साहित्याच्या आधी भाषा हवी आहे. आपल्या आवडीचा विषय बाजूला ठेवून समोरच्या विद्यार्थ्याची गरज उचलून धरणे हे वाटते तितके सोपे नाही. साहित्याचा पदवीधर स्वतःला साहित्याचाच माणूस समजतो; त्याला 'पुट' आणि 'टेक' यांचा हिशेब ठेवायला सांगितला तर तो त्याला कमीपणा वाटू शकतो. हॉर्नबींना तसे वाटले नाही. ओइतात ते वर्षानुवर्षे राहिले आणि या प्रश्नाच्या मागे लागले.

याच सुमारास तोकियोत हॅरल्ड पामर नावाचे गृहस्थ काम करीत होते. पामर १८७७ सालचे, म्हणजे हॉर्नबींपेक्षा एकवीस वर्षांनी मोठे. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस बेल्जियममध्ये भाषा शिकवता शिकवता भाषाशिक्षणाचा पंडित झाला. हॉर्नबी ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात पामर यांनी आधी व्याख्यातेपद भूषविले होते. १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतले आणि १९२३ साली तोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. (पुढे १९३५ साली तोकियोच्या विद्यापीठाने पामर यांना डॉक्टरेट दिली. पदवी नसलेल्याला एकदम डॉक्टरेट! आमच्या वर्गातल्या एकाला हे फार आवडले.)

पामर यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: परक्या विद्यार्थ्याला आधी कोणते शब्द शिकवावेत? लाखो शब्दांतून दोन-तीन हजार निवडायचे तर निवडायचे कसे? वरवर हा मोजदादीचा प्रश्न. पण मोजायला बसल्यावर पहिलीच अडचण उभी राहिली, की शब्द म्हणजे काय? 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, सोडून देणे. मग हे शब्द दोन धरायचे की एक? 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. तीन शब्द, आणि तिघांपैकी एकाच्याही अर्थात सहनशीलतेचा मागमूस नाही! शब्दांची यादी करणारा 'पुट' एकदा लिहून पुढे जातो. शिकणाऱ्याला मात्र तोच 'पुट' प्रत्येक वळणावर नव्या वेशात भेटतो.

१९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत पामर यांनी हॉर्नबींना या संशोधनात ओढून घेतले आणि पुढे हॉर्नबी ओइता सोडून तोकियोत आले. नेहमी बरोबर येणाऱ्या, मिळून एकच अर्थ सांगणाऱ्या शब्दांच्या जुळण्या गोळा करणे, त्यांचे प्रकार पाडणे, हे काम चालू होते. असल्या जुळण्यांचा एक मोठा अहवाल १९३३ साली त्या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. त्यावर नाव पामर यांचे असले तरी त्यामागच्या खटाटोपात हॉर्नबींचा वाटा मोठा होता. या अहवालामागची दृष्टी अशी, की असल्या जुळण्या विद्यार्थ्याने सुट्या शब्दांतून तयार करू नयेत, अख्ख्याच उचलाव्यात. नाण्याचे तुकडे करून बाजारात चालत नाहीत, तसेच हे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली अकौंटन्सी ही असल्या जुळलेल्या क्रियापदांनीच भरलेली आहे. खात्याची बाकी काढली की आपण लिहितो 'बॅलन्स कॅरीड डाउन', आणि दुसऱ्या महिन्याच्या आरंभी 'बॅलन्स ब्रॉट डाउन'. पान संपले की 'कॅरीड फॉरवर्ड', नव्या पानावर 'ब्रॉट फॉरवर्ड'. बुडीत येणे 'रिटन ऑफ' होते. कंपनीचे भांडवल 'कॉल्ड-अप' असते आणि भागधारकांनी भरले की 'पेड-अप' होते. एक कंपनी दुसरीला 'टेक ओव्हर' करते, ताळेबंद 'ड्रॉ अप' करतात, आपसातले देणे-घेणे 'सेट ऑफ' करतात आणि सगळेच बिनसले तर कंपनी 'वाइंड अप' होते. आम्ही ही सारी अक्षरे 'सी-डी', 'बी-डी' अशी घोकून टाकतो आणि इंग्रजीच्या तासाला फ्रेजल व्हर्ब्ज आल्या की घाबरतो. ती रोज आपल्याच वहीत येऊन बसतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. उधारी वसूल होणे शक्य नाही असे ठरले की ते म्हणत, नाव काढून टाक. आता 'काढून टाक' यात 'टाक' कशाला? काही फेकायचे थोडेच आहे? पण 'काढ' आणि 'काढून टाक' यांतला फरक मराठी मूलही चुकत नाही. खाऊन टाक, फाडून टाक, फेडून टाक, देऊन टाक. काम पुरते संपवायचे, मागे काही शिल्लक ठेवायची नाही, हा अर्थ त्या 'टाक'मध्ये आला आहे. इंग्रजी हेच काम पुष्कळदा 'अप', 'ऑफ' किंवा 'अवे' यांच्याकडून करून घेते: 'ईट अप', 'टेअर अप', 'पे ऑफ', 'गिव्ह अवे'. तसेच 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढ आणि 'रीड आउट' म्हणजे वाचून दाखव. आपण मागे दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रज मागे एक चिमुकला शब्द जोडतो. हे नेहमी जुळते असे नाही, पण जेथे जुळते तेथे भीती निम्म्याने कमी होते.

आमच्याच वर्गातला माझा एक मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. तो मराठी बोलायला शिकला तेव्हा 'गप्पा मारणे' त्याला मुळीच अवघड गेले नाही, कारण कन्नडातही 'हरटे होडे' म्हणतात, म्हणजे गप्पा 'मारतात'च. 'देऊन टाक'ला त्यांच्याकडे 'कोट्टुबिडु' तयार आहे. दोन भाषा कुळाने वेगळ्या, पण शेकडो वर्षे शेजारी नांदल्या की एकमेकींच्या लकबी उचलतात. इंग्रजीशी आपला शेजार असा घरोब्याचा नाही. ती आली ती वर्गातून आणि पुस्तकातून. ओइतातल्या मुलांचेही असेच होते.

पामर १९३६ साली इंग्लंडला परतले आणि संस्थेतील संशोधनाची धुरा हॉर्नबींवर आली. १९३७ साली त्यांनी एका नव्या शब्दकोशाला हात घातला. बरोबर दोन सहकारी होते, ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड, दोघेही जपानात इंग्रजी शिकवणारे. परक्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजीतूनच अर्थ सांगणारा कोश ही कल्पना अगदीच नवी नव्हती. मायकेल वेस्ट यांनी १९३५ साली असा एक कोश काढला होता. हे वेस्ट आपल्या देशातले म्हणायला हरकत नाही, कारण त्यांचे काम झाले ते तेव्हाच्या बंगालमध्ये, डाक्क्याला, बंगाली मुलांना शिकवताना. त्यांनी चोवीस हजारांच्या आसपास शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या १४९० शब्दांत समजावून दिले. पण वेस्ट यांचा कोश होता वाचणाऱ्यासाठी, अडलेला शब्द कळावा म्हणून. हॉर्नबींना लिहिणारा आणि बोलणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे दिसत होता. शब्दाचा अर्थ कळला, ठीक. पण तो वाक्यात बसवायचा कसा?

माझ्या मते हॉर्नबींचे मोठेपण येथे आहे. विद्यार्थी चुकतो तेव्हा तो आळशी किंवा मठ्ठ असतो म्हणून चुकतो, असे सामान्यतः धरले जाते. हॉर्नबींनी पाहिले, की तो पुष्कळदा डोके चालवतो म्हणून चुकतो. 'आय वाँट यू टु गो' हे बरोबर आहे. मग 'आय सजेस्ट यू टु गो' का नाही? 'टॉक अबाउट' चालते तर 'डिस्कस अबाउट'ने काय घोडे मारले? विद्यार्थी एका क्रियापदावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतो. अंदाज तर्काला धरून असतो, भाषा तशी नसते. यावर उपाय एकच, की प्रत्येक क्रियापद कोणत्या चालीने चालते ते कोशातच नोंदवून ठेवायचे. म्हणून त्यांनी इंग्रजी क्रियापदांच्या वाक्यरचनेचे पंचवीस नमुने ठरवले, त्यांना क्रमांक दिले आणि कोशातल्या क्रियापदांपुढे ते क्रमांक छापले. खेळाचे नियम पहिल्या पानांवर आणि खेळाडूच्या अंगावर नंबर, अशी ही योजना.

आमच्या ग्रंथालयातली प्रत १९७४ च्या तिसऱ्या आवृत्तीची आहे. तिच्यात पंधराव्या नमुन्याचा 'बी' हा पोटप्रकार खास या जुळलेल्या क्रियापदांसाठी आहे. 'टेक ऑफ युवर शूज' चालते, 'टेक युवर शूज ऑफ' हेही चालते. पण बुटांऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे, 'टेक देम ऑफ'. येणे बुडाले तर 'राइट ऑफ द डेट' म्हणा किंवा 'राइट द डेट ऑफ' म्हणा, पण 'राइट इट ऑफ'च म्हणायचे, 'राइट ऑफ इट' म्हणायचे नाही. याउलट 'लुक आफ्टर'च्या मध्ये कुणालाच शिरता येत नाही. हा नियम मला शाळेत कुणी सांगितला नव्हता. कदाचित सांगितला असेल आणि मी जत्रेला गेलो असेन.

नामांचीही त्यांनी अशीच सोय लावली. मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न मोजता येणाऱ्यापुढे 'यू' अशी अक्षरे छापली. आज प्रत्येक व्याकरणाच्या पुस्तकात हे असते, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. पण 'इन्फर्मेशन्स' आणि 'फर्निचर्स' लिहिणाऱ्या मुलाला त्याची चूक जागच्या जागी दाखवणारी ही दोन अक्षरे किती उपयोगी आहेत, हे पेपर तपासणाऱ्यांना विचारावे. (व्यापारी पत्रव्यवहारात मात्र सूचनापत्र या अर्थी 'ॲडव्हाइस'चे अनेकवचन होते, सल्ला या अर्थी होत नाही. कॉमर्सवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे.)

तीन वर्षे चिठ्ठ्या, कच्चे खर्डे, पक्के खर्डे चालले आणि १९४० साली काम पुरे झाले. कोशाचे नाव ठेवले होते इडियमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी. म्हणजे वाक्प्रचार आणि वाक्यरचना हे दोन्ही शब्द थेट नावातच! आणि नेमके तेव्हाच जग पेटले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ब्रिटन व जपान यांच्यात युद्ध सुरू झाले. सतरा वर्षे ज्या देशाच्या मुलांना शिकवले त्या देशात हॉर्नबी एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले.

यापुढची हकीकत वाचताना मी थांबलो. इंग्रजी ही शत्रूची भाषा म्हणून त्या काळी जपानात तिच्याविषयी रोष वाढत होता; बेसबॉलच्या खेळातले इंग्रजी शब्दसुद्धा काढून टाकण्यापर्यंत पुढे मजल गेली. असे असताना १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, तोकियोतल्या कैताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो कोश छापून प्रसिद्ध केला. शत्रूच्या भाषेचा कोश, शत्रुराष्ट्राच्या लेखकांनी केलेला! त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या, मुद्रिते तपासणाऱ्यांच्या मनात काय चालले असेल? मला ते ठाऊक नाही. एवढेच दिसते, की ज्या जपान्यांनी हॉर्नबींच्या बरोबरीने वर्षानुवर्षे काम केले होते, त्यांनी हाती आलेले काम टाकून दिले नाही. भाषेवरून माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात हे आपल्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणूनच ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्याच १९४२ साली हॉर्नबी मायदेशी परत पाठवले गेले. परत गेल्यावर ते ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत शिरले आणि लवकरच त्यांची रवानगी इराणला झाली. तेहरान विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकवले. जपानी विद्यार्थ्याची मातृभाषा एक, इराणी विद्यार्थ्याची अगदीच वेगळी. पण दोघेही तेच छोटे शब्द चुकत असतील, अशी माझी कल्पना आहे. युद्ध संपल्यावर ते लंडनला आले आणि १९४६ साली इंग्लिश लँग्वेज टीचिंग हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. जगभर विखुरलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकमेकांचे अनुभव कळावेत हा त्याचा हेतू. पहिले संपादक तेच. ते नियतकालिक नाव थोडे बदलून आजही निघते.

कोशाचे भाग्य उघडले ते १९४८ साली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तोकियोत छापलेल्या पानांचीच छायाचित्रे घेऊन त्यावरून आवृत्ती काढली. नव्याने खिळे जुळवले नाहीत. युद्धकाळात जपानी हातांनी जुळवलेली पानेच ऑक्सफर्डच्या नावाने जगभर गेली. नाव मात्र बदलले, लर्नर्स डिक्शनरी असे झाले, आणि १९५२ साली त्याच्या मागे 'ॲडव्हान्स्ड' हे विशेषण लागले. दुसरी आवृत्ती १९६३ साली आणि तिसरी १९७४ साली आली. तिसरीच्या कामात ए. पी. कावी आणि उच्चारांच्या बाजूसाठी जे. विंडसर लुइस हे त्यांचे सहकारी होते. याच कावींनी रोनाल्ड मॅकिन यांच्याबरोबर १९७५ साली केवळ जुळलेल्या क्रियापदांचा एक स्वतंत्र जाड ग्रंथ काढला. म्हणजे १९३३ च्या अहवालात जे रोप लावले होते त्याचा हा वृक्ष.

१९५० साली हॉर्नबींनी नोकरी सोडली आणि पुढे लेखनावरच राहिले. वाक्यनमुन्यांवरचे त्यांचे पुस्तक १९५४ साली आले. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली. पुस्तके खपत होती, पैसा येत होता. १९६१ साली त्यांनी आपल्या उत्पन्नाचा मोठा वाटा घालून एक शैक्षणिक न्यास स्थापन केला. परदेशांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये येऊन शिकता यावे म्हणून त्यातून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. ज्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी कोश विकत घेतला त्या देशांकडेच तो पैसा वळावा, अशी त्यांची भूमिका होती. अकौंटन्सीच्या भाषेत सांगायचे तर बाकी त्यांनी स्वतःच्या खात्यावर ठेवली नाही, ज्याची होती त्याच्या खात्यावर पुढे ओढली. या शिष्यवृत्त्यांवर भारतातलेही शिक्षक जाऊन शिकून आले आहेत.

हॉर्नबींच्या कोशात दोष नाहीत असे मला म्हणायचे नाही. पंचवीस नमुने आणि त्यांचे पोटप्रकार लक्षात ठेवणे हे एक कंपनी कायद्याइतके अवघड काम आहे. मी दोन वेळा निश्चय केला आणि दोन्ही वेळा 'गिव्ह अप' केले. शब्द पाहायचा, क्रमांक पाहायचा, मग प्रस्तावनेतल्या पानांवर जाऊन तो क्रमांक शोधायचा, तोवर मूळ वाक्य डोक्यातून निसटते. इतरांनाही हाच अनुभव आला असावा, कारण १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत ते क्रमांक गेले आणि त्यांच्या जागी अक्षरांच्या खुणा आल्या. दुसरे, जुळलेली क्रियापदे मूळ क्रियापदाच्या पोटात दडलेली असत. 'पुट'चा मजकूर इतका दाट, की त्यात 'पुट ऑफ' शोधणे म्हणजे आठवड्याच्या बाजारात हरवलेले पोर शोधणे. आणि गेटनबी व वेकफील्ड यांची नावे आज कुणाच्याच तोंडी नाहीत, याचेही मला वाईट वाटते. ग्रंथपालही 'हॉर्नबीत बघ' एवढेच म्हणतात.

तरी त्या दाट मजकुरात बोट फिरवत फिरवत मी बरेच काही शिकलो. 'पुट' शोधायला गेलो आणि 'पुट बाय' म्हणजे पैसे शिल्लक टाकणे हे भेटले. 'पुट इन फॉर' म्हणजे नोकरीसाठी अर्ज करणे, हेही. मोबाइलवर शब्द टाकला की एका क्षणात अर्थ येतो आणि दुसऱ्या क्षणात जातो. या पुस्तकात शब्द आपल्या भावंडांसह बसलेला असतो, त्यामुळे एकाच्या निमित्ताने चौघांची ओळख होते.

हॉर्नबींना ब्रिटिश सरकारने ओ.बी.ई. हा किताब दिला. ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९७८ साली, जगातल्या नामवंत भाषा-अध्यापकांनी त्यांच्या गौरवार्थ एक लेखसंग्रह काढला. ऑगस्टमध्ये त्यांना ऐंशी वर्षे पुरी झाली आणि पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबर १९७८ रोजी, त्यांचे निधन झाले.

ओइतातले ते वाणिज्य विद्यालय १९४९ साली नव्या ओइता विद्यापीठात सामील झाले. तेथे आज त्याची अर्थशास्त्र शाखा आहे. आमच्या ग्रंथालयातली तिसऱ्या आवृत्तीची प्रत अजून त्याच कपाटात आहे. 'पुट'च्या पानावर माझ्या आधी कुणीतरी 'ऑफ'खाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवली आहे. तो कोण होता आणि त्याची कोणती परीक्षा हुकली होती, कोण जाणे.